२६ टाकलं की १९२६ का होतं, आणि जुन्या मशीनवर त्याचं काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा नीट वाचला. गुहागरकडच्या तुमच्या छोट्या पतसंस्थेत डॉसवरचा (विंडोजच्या आधीची जुनी सिस्टीम) फॉक्सप्रोचा (डेटा ठेवायचं जुनं सॉफ्टवेअर) जुना प्रोग्रॅम अजून चालू आहे, ज्यांनी तो लिहिला ते आता नाहीत, नवीन सॉफ्टवेअरचे पैसे संचालक मंडळ पुढच्या वर्षी मंजूर करणार म्हणतंय आणि तोवर तुम्हाला रोज तीन दुखणी आहेत. सकाळी मशीन लावलं की तारीख १-१-१९८० येते, ठेवीची मुदत टाकताना वर्ष ३१ टाकलं की १९३१ होतं, आणि यादी एक्सेलमध्ये नेली की काही तारखांचा दिवस आणि महिना उलटा होतो. चौथं तुम्ही शेवटी सहज विचारलंय, भावाच्या बोटीवरचा जुना जीपीएस जागा बरोबर दाखवतो पण तारीख २००६ ची, तर हे पण तेच आहे का म्हणून.

मी रत्नागिरीत मशीन दुरुस्ती आणि असले जुने प्रोग्रॅम चालू ठेवायचं काम करतो, दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत पतपेढ्या, काजू कारखाने, बर्फाचे कारखाने, चिऱ्यांच्या खाणीवरचे वजनकाटे असं सगळं बघितलंय, आणि दोन हजार साल आलं तेव्हाची धावपळ पण अंगावरून गेलीय. त्यातून एक गोष्ट पक्की समजली ती आधी सांगतो. तारीख पाच ठिकाणी असते, मशीनच्या घड्याळात, आपण टाईप करतो तिथे, फाईलमध्ये, स्क्रीनवर नि पावतीवर, आणि दुसऱ्या प्रोग्रॅमला पाठवतो तिथे. ह्या पाचपैकी नेमकी कुठे मोडते ते आधी शोधायचं आणि ठिगळ तिथेच लावायचं. लोक काय करतात, दिसली चूक की डायरेक्ट फाईलमधल्या तारखा बदलायला घेतात, आणि मग जे बरोबर होतं ते पण जातं. तुमची चार दुखणी चार वेगळ्या ठिकाणची आहेत, म्हणून एकेक घेऊ.

पहिलं घड्याळ. मदरबोर्डवर नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, ३ व्होल्टचा. मशीन बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. तो मेला की घड्याळ शून्यावर येतं आणि डॉसचं शून्य म्हणजे १ जानेवारी १९८०, कारण डॉसच्या फाईलींच्या तारखा मोजायला सुरुवातच तिथून होते. सेल काढून मीटर लावा, अडीच-पावणेतीनच्या खाली आला असेल तर बदला. पण आपल्याकडे किनाऱ्यावर निम्म्या वेळा सेल चांगला असतो आणि त्याच्या खालची पत्ती खाऱ्या वाऱ्याने हिरवी पडलेली असते, मग माणसं तीन सेल बदलतात तरी तारीख जातेच. पत्ती आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या, पत्ती सैल असेल तर हलकीशी उचला, मग सेल बसवा. त्याच्या आधी बायोसमध्ये, म्हणजे मशीनच्या मूळ सेटिंगच्या पानांत जाऊन हार्ड डिस्कच्या पानावरचे आकडे मोबाईलवर फोटो काढून ठेवा, फार जुन्या मशीनला डिस्क हाताने सांगावी लागते, सेटिंग गेलं की मशीन डिस्क ओळखतच नाही आणि सगळे घाबरतात की डेटा गेला, डेटा तिथेच असतो. आणि गोल सेलच्या जागी बोर्डवर सोल्डर केलेली छोटी नळकांड्यासारखी बॅटरी दिसली तर ती आज ना उद्या गळते आणि बोर्डच्या रेषा खाते, ती कोणाकडून तरी काढूनच टाका, थांबू नका.

सेल मिळेपर्यंतचा इलाज म्हणजे ऑटोएक्झेक डॉट बॅट ह्या, मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या फाईलच्या पहिल्या ओळीत नुसतं डेट आणि दुसऱ्या ओळीत टाईम हे शब्द टाकायचे. ही फाईल नसेल तर डॉस स्वतःहून तारीख विचारतो, पण फाईल असली की विचारत नाही, गपचूप पुढे जातो, आणि बहुतेक मशीनवर ती असतेच. त्या दोन ओळी टाकल्या की रोज सकाळी विचारेल. आता इथे खरी अडचण माणसाची आहे. सकाळी काउंटरसमोर माणसं उभी असतात, विचारलं की एंटर मारायची सवय लागते, आणि तारीख १९८० चीच राहते. एका पतपेढीत मे महिन्यात वळवाच्या पावसात लाईट गेली-आली, गेली-आली, मशीन तीनदा रीस्टार्ट झालं आणि दिवसभराचे सगळे व्हाउचर १९८० च्या जानेवारीत गेले. संध्याकाळी दिवसाच्या हिशोबाचं दैनिक काढलं तर कोरा कागद! कॅशिअर बाई रडकुंडीला आल्या होत्या, रोकड बरोबर होती आणि पुस्तकात एक पैसा नव्हता. रात्री बसून आम्ही ते काढले, जमलं कारण १९८० साली ती संस्थाच नव्हती, म्हणजे १९८० चं जे दिसेल ते आजचंच. पण तारीख १९८० ऐवजी मागच्या वर्षीची असती तर वेगळं काढायला काही खूण राहिली नसती, ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून प्रोग्रॅमची पीआरजी फाईल, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, तुमच्याकडे असेल तर सुरुवातीला एक तपासणी घालाच. एक छोटी टेबल ठेवायची, त्यात शेवटच्या कामकाजाच्या दिवसाची तारीख. प्रोग्रॅम चालू झाला की मशीनची तारीख त्या तारखेच्या मागे असेल किंवा दहा दिवसांपेक्षा जास्त पुढे असेल तर मेसेज देऊन बाहेर पडायचं. पाच-सात ओळींचं काम आहे. पुढची बाजू तपासणं तितकंच महत्त्वाचं, कोणी चुकून पुढचं वर्ष टाकलं तर त्या दिवशीचं व्याज त्या वर्षापर्यंतचं लागतं आणि ते उलटवणं मागच्या तारखेपेक्षा जास्त किचकट असतं.

घड्याळाचंच अजून एक, कारण तुम्ही लिहिलंय की कधी कधी सोमवारी तारीख रविवारची दिसते. मशीन शनिवारी चालू ठेवून जाता का? जुन्या पीसीत मध्यरात्र झाली की बायोस फक्त एक खूण करून ठेवतो, मध्यरात्र झाली एवढीच, किती वेळा झाली ते मोजत नाही. डॉसने तारीख मागितली की ती खूण बघून एक दिवस पुढे करतो. शनिवार-रविवार कोणी हात लावला नाही तर मध्यरात्री दोन होतात आणि खूण एकच, म्हणून एक दिवस खाल्ला जातो. सेलचा ह्यात दोष नाही, सकाळी एकदा रीस्टार्ट करा, मशीन सेलवरच्या घड्याळातून खरी तारीख परत वाचतं.

आता दुसरं दुखणं, ३१ चं १९३१. इथे जरा सावकाश वाचा कारण पैसे इथे अडकतात.

फॉक्सप्रोची जी डीबीएफ फाईल असते तिच्यात तारखेचा कॉलम आठ अंकांचा असतो, वर्ष चार अंकी, महिना दोन, दिवस दोन. म्हणजे फाईल चांगली आहे, तिला शतक माहीत असतं. मोडतंय ते टाईप करताना. स्क्रीनवर वर्षाला दोनच खाने आहेत आणि जुना फॉक्सप्रो दोन अंक आले की सरळ विसावं शतक धरतो. ह्याला सगळ्यात साधा इलाज, पीआरजी नसली तरी चालणारा, म्हणजे प्रोग्रॅमच्या फोल्डरमधली कॉन्फिग डॉट एफपी नावाची फाईल, साधी टेक्स्ट फाईल असते, नसली तर बनवा, आणि तिच्यात दोन ओळी, सेंच्युरी इज इक्वल टू ऑन, आणि डेट इज इक्वल टू ब्रिटिश. प्रोग्रॅमने आतमध्ये परत ऑफ केलेलं नसेल तर स्क्रीनवर वर्ष चार अंकी होतं आणि तुम्ही २०३१ टाकू शकता. हीच भानगड क्लिपरमध्ये, म्हणजे फॉक्सप्रोसारख्याच दुसऱ्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असती तर सेट इपॉक टू १९५० अशी एक ओळ पुरली असती, मग ५० च्या खालचं सगळं विसाव्या ऐवजी एकविसाव्या शतकात जातं. पुढे व्हिज्युअल फॉक्सप्रोत पण रोलओव्हर म्हणून तशी सोय आली, तुमच्या डॉसवाल्यात ती धरू नका.

पण सेंच्युरी ऑन केलं की लगेच कामाला लागू नका, कॉपीवर करून बघा. तारखेची रुंदी आठ अक्षरांवरून दहा होते. त्यामुळे तीन ठिकाणी गडबड होते. स्क्रीनवर तारखेच्या शेजारचा रकाना झाकला जातो, हे दिसतं तरी. पावतीवर कॉलम सरकतात, हे पण दिसतं. तिसरं दिसत नाही, म्हणून वाईट. जुन्या लोकांनी वर्ष काढायला तारखेचं टेक्स्ट करून सातव्या अक्षरापासून दोन अक्षरं उचलायची पद्धत ठेवलेली असते, आधी तिथे २६ मिळायचे, आता मिळतात २०. मग पावती नंबरमध्ये, आर्थिक वर्षात, लेजरच्या फाईलीच्या नावात सगळीकडे २० येतं आणि मार्चअखेरपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही. आणि इंडेक्स, म्हणजे नोंदींचा क्रम लावणारी फाईल, जर डीटीओसीवर, म्हणजे दिवस-महिना-वर्ष अशा टेक्स्टवर बांधलेला असेल तर किल्लीची लांबी बदलल्यामुळे तो बिघडतो, पुसून नव्याने बांधावा लागतो. बांधताना डीटीओएसवर बांधा, त्यात वर्ष आधी येतं म्हणून क्रम पण बरोबर लागतो.

आणि सेंच्युरी ऑन जमलंच नाही तर? तर टाईप होऊ दे चुकीचं आणि रोज दिवसअखेरीला एक छोटी दुरुस्ती चालवा. मी दोन ठिकाणी वर्षानुवर्षं असंच चालवलंय. गोमंथ (GOMONTH) नावाचं फंक्शन आहे, त्याला तारीख आणि १२०० दिले की बाराशे महिने म्हणजे बरोबर शंभर वर्षं पुढची तारीख मिळते. प्रश्न फक्त एवढाच की कुठल्या तारखा पुढे न्यायच्या.

इथेच बहुतेक लोक चुकतात, एक हद्द ठरवतात, ५० म्हणा, आणि सगळ्या कॉलमना एकच लावतात. ५० च्या खालचं सगळं दोन हजारात. मग ज्या आजींचा जन्म १९४३ चा त्यांचा २०४३ होतो, म्हणजे त्या अजून जन्मायच्यात, आणि ज्येष्ठ नागरिकाचा जादा व्याजदर निघून जातो. एका आजोबांना असंच झालं होतं, दोन वर्षं कमी व्याज मिळालं, त्यांनी कधी तक्रार केली नाही कारण कॉम्प्युटर चुकेल असं त्यांना वाटलंच नाही. मला ते सापडलं तेव्हा फार वाईट वाटलं. संस्थेनी फरक दिला, पण कोणी शोधलं नसतं तर? म्हणून हद्द कॉलमागणिक वेगळी. व्यवहाराच्या तारखेला हद्द म्हणजे तुमची संस्था रजिस्टर झाली ते वर्ष, त्याच्या आधीचा व्यवहार असूच शकत नाही, त्याच्या मागे जे दिसेल ते शंभरने पुढे. मुदतीच्या तारखेला नियम अजून सोपा, मुदत ठेवीच्या तारखेच्या आधी कशी संपेल, मागे दिसली की शंभरने पुढे, पण हे व्यवहाराच्या तारखा दुरुस्त झाल्यावरच करायचं, कारण दोन्ही चुकल्या असतील, १९२६ ते १९३१, तर तपासणीला त्या बरोबरच वाटतात. जन्मतारखेला मशीनवर सोडूच नका. २६ म्हणजे १९२६ पण असेल आणि २०२६ पण, शंभरीचे सभासद आपल्या गावांत असतात आणि आजच्या बाळाच्या नावाने पण ठेव निघते. तिथे सभासद झाल्याची तारीख, अज्ञान-पालक (लहान मुलाच्या नावाचं) खातं आहे का, हे बघून यादी काढा आणि डोळ्यांनी तपासा.

जन्मतारखेत एक सूचना. यादीत १ जून खूप दिसतील, ढीगभर. बाहेरून आलेला कोणी सॉफ्टवेअरवाला म्हणेल की ही डमी तारीख आहे, पुसून टाकू. पुसू देऊ नका. आपल्याकडे जुन्या पिढीला शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावला, दाखल्यावर तोच आहे, पेन्शनला तोच, आधारवर तोच. ती त्यांची कागदावरची खरी जन्मतारीख. डमी असते ती १-१-१९०० वगैरे, रिकामं सोडता येत नाही म्हणून कोणीतरी टाकलेली.

२९ फेब्रुवारी पण सांभाळा. १९०० लीप वर्ष नव्हतं, २००० होतं. जुन्या प्रोग्रॅमात २९-०२-०० टाकलं तर तो १९०० धरून तारीखच घेत नाही, मग त्या दिवशी कोणीतरी २८ किंवा १ मार्च टाकून वेळ मारून नेलेली असते. तुमच्या २००० सालच्या नोंदींत हे सापडलं तर फाईल बिघडली असं समजू नका. गंमत म्हणजे एक्सेल अजून १९०० ला लीप वर्ष मानतं, एक्सेलच्या आधीच्या लोटस ह्या शीटच्या सॉफ्टवेअरनी तसं धरलं होतं आणि त्याच्या शीट जुळाव्यात म्हणून एक्सेलनी ते मुद्दाम तसंच ठेवलं.

एक्सेलचा विषय निघालाच आहे तर तुमचं तिसरं दुखणं. तारखा उलट्या होतात कारण ते मशीन अमेरिकन पद्धतीवर आहे, महिना आधी. ०५/०४/२०२६ म्हणजे आपली ५ एप्रिल, तिथे ४ मे. आणि फसवं असं की १२ पर्यंतचे दिवस गपचूप उलटतात आणि १३ च्या पुढचे उलटता येत नाहीत म्हणून टेक्स्ट राहतात, त्यामुळे अर्धी यादी बरोबर दिसते. ओळखायचं कसं, कॉलमची अलाइनमेंट काढून टाका, डावीकडे चिकटलं ते टेक्स्ट, उजवीकडे गेलं ती तारीख. एकाच कॉलमात दोन्ही दिसलं की समजा उलटलंय. अशी शीट दुरुस्त करत बसू नका, टाका, आणि फॉक्सप्रोतून तारीख डीटीओएसने २०२६०४०५ अशी आठ अंकी काढून परत न्या, मग टेक्स्ट टू कॉलम्समध्ये वायएमडी निवडा. ह्यात उलटायला जागाच नाही. आणि एक्सेलमध्ये पण वर्ष चारच अंकी टाका, बऱ्याच मशीनवर त्याची हद्द २९ ची असते, म्हणजे ३० टाकलं की १९३०. अशा मशीनवर आज पाच वर्षांची ठेव घेतलीत की तुम्ही त्या हद्दीच्या पलीकडे गेलात. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनच्या कॅलेंडर सेटिंगमध्ये ही हद्द दिसते नि बदलता येते, पण बदलली तर त्या एकाच मशीनवर बदलते, शेजारच्या टेबलावर तीच शीट वेगळं वर्ष धरेल.

एक वेगळा जुगाड लोक सांगतील तो पण बोलून टाकतो, घड्याळ २८ वर्षं मागे लावायचा. १९०१ ते २०९९ मध्ये दर २८ वर्षांनी कॅलेंडर तंतोतंत जुळतं, वार पण आणि २९ फेब्रुवारी पण, २८ वर्षं म्हणजे १०२२७ दिवस, बरोबर १४६१ आठवडे. म्हणून २०२६ ला १९९८ लावलं की २००० च्या पुढे न जाणारं मशीन पण चालतं. एका बर्फाच्या कारखान्यातला हजेरीचा जुना पंचिंग डबा आम्ही असाच चालवला, आठवड्याची सुट्टी, महिन्याचे दिवस, सगळं जुळत होतं. सणांच्या सुट्ट्या मात्र हाताने टाकाव्या लागल्या, तिथी २८ वर्षांनी जुळत नाहीत, त्या १९ वर्षांनी जवळपास जुळतात. पण तुमच्याकडे हे अजिबात करू नका. हा इलाज फक्त त्या मशीनला जिथे जुना डेटा आणि नवा डेटा एकत्र हिशोबाला येत नाही. व्याज म्हणजे दोन तारखांमधलं अंतर, एक तारीख सरकवली नि दुसरी खरी राहिली की संपलं. आणि ज्या कागदावरची तारीख उद्या पुरावा म्हणून लागेल, वजनकाट्याची चिठ्ठी, ठेव पावती, तिथे खोटं वर्ष छापायचं नाही, पेनाने दुरुस्त केलं तरी नाही.

आता पुढच्या वर्षी नवीन सॉफ्टवेअर येईल तेव्हा डेटा हलवताना दोन गोष्टी बघा, हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते. वेबवरची सॉफ्टवेअर बरेचदा तारखेबरोबर वेळ पण साठवतात आणि ती ग्रीनिचच्या वेळेत. आपण साडेपाच तास पुढे. ५ एप्रिलची मध्यरात्र तिथे ४ एप्रिल संध्याकाळी १८:३० होते. दाखवताना कोणी परत साडेपाच तास मिळवायला विसरलं की सगळ्या तारखा एक दिवस मागे. डेटात जागोजागी १८:३० दिसलं की हेच झालंय, आणि उलट १ एप्रिलची ठेव ३१ मार्चला गेली की आर्थिक वर्षच बदललं. त्यांना सांगा, ठेवीची तारीख म्हणजे नुसती तारीख, वेळ लावू नका.

दुसरं त्याहून बारीक. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ हिंदुस्थानातली घड्याळं एक तास पुढे होती, साडेसहा तास. आजच्या कॉम्प्युटरच्या वेळेच्या यादीत हे नोंदलेलं आहे. मग एका बाजूने प्रोग्रॅम ही यादी वापरतो आणि दुसऱ्या बाजूने कोणीतरी सरळ साडेपाच तास मिळवतो, तर १ जून १९४३ ची जन्मतारीख ३१ मे रात्री अकरा होते. बाकी सगळे सभासद बरोबर आणि फक्त ८०-८३ वयाच्या लोकांच्या जन्मतारखा एक दिवस मागे, असं दिसलं तर कारण हे. आधारशी जुळत नाही म्हणून केवायसी अडकतं आणि म्हातारी माणसं हेलपाटे घालतात. यादीतले सगळे १ जून डेटा हलवायच्या आधी मोजा आणि नंतर परत मोजा, आकडा तोच यायला हवा.

आणि डेमो दाखवायला येतील तेव्हा त्यांच्यासमोर पंधरा वर्षांचं कर्ज टाकून बघा, शेवटचा हप्ता २०४१ चा. युनिक्स नावाच्या सिस्टीमच्या जुन्या पद्धतीत १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजतात आणि ते ३२ बिटांत मावतात २,१४७,४८३,६४७ पर्यंत, आपल्या वेळेने १९ जानेवारी २०३८, मंगळवार, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंद. त्याच्या पुढचा सेकंद म्हणजे डिसेंबर १९०१. मायएसक्यूएल ह्या डेटाबेसचा टाईमस्टँप हा कॉलम अजून ह्याच हद्दीत आहे, डेट आणि डेटटाईम हे कॉलम नाहीत. लोक म्हणतात २०३८ ला बघू, पण लांब मुदतीचं कर्ज देणाऱ्याला ते आजच लागतं. २०४१ घेतलं नाही तर सही करू नका.

भावाच्या बोटीचं. हो, जात तीच आहे, खाने कमी पडल्याची. जीपीएसचे उपग्रह आठवड्याचा नंबर पाठवतात, ६ जानेवारी १९८० पासून मोजून, पण त्याला १० बिट, म्हणजे १०२४ आठवडे झाले की परत शून्य. एकदा ऑगस्ट १९९९ मध्ये झालं, मग ६-७ एप्रिल २०१९ च्या रात्री, आणि पुढचं नोव्हेंबर २०३८ मध्ये. जुन्या सेटला कितवी फेरी चालू आहे ते कळत नाही म्हणून तो एक फेरी मागे राहतो, जवळपास १९ वर्षं साडेसात महिने. १ मार्च २०२६ ला तो १६ जुलै २००६ दाखवेल. वार मात्र बरोबर, दोन्ही रविवार, कारण सरकलंय ते पूर्ण आठवड्यांनी. आणि जागा बरोबर येते कारण त्यासाठी आठवड्याच्या आतली वेळ लागते, फेरी कितवी ते लागत नाही. कंपनीचं अपडेट मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर सेट फेकायची गरज नाही.

पण त्याला एक निक्षून सांगा. त्याच सेटवर भरती-ओहोटीचं पान असेल तर त्यावर अजिबात विसंबायचं नाही. १०२४ आठवडे चंद्राच्या फेऱ्यांत पूर्ण बसत नाहीत, जवळपास आठ दिवसांचा फरक पडतो. ३ मार्च २०२६ ला पौर्णिमा, समुद्राला उधाण, आणि सेट त्या दिवशी धरतो १८ जुलै २००६, म्हणजे वद्य अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी पाण्याची भरती. बारातून (खाडीच्या तोंडावरच्या उथळ जागेतून) आत येताना पाणी किती आहे हे तो उलटंच सांगणार. जुने तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, तिथीवरून बोटावर मोजतात ते ह्या सेटपेक्षा बरोबर निघेल. सूर्योदय-सूर्यास्ताचं पान पण तसंच चुकलेलं असेल. रस्ता, जागा, वेग ह्यासाठी वापरू दे, भरतीसाठी तिथी आणि छापील तक्ता.

उद्या काम ह्या क्रमाने करा. आधी पूर्ण फोल्डरची कॉपी दोन पेन ड्राइव्हवर, एक ऑफिसात नको. मग पत्ती साफ करून सेल. मग मशीनच्या बाजूला एक कागद चिकटवा आणि त्यावर लिहा, सेल कधी बदलला, सेंच्युरी कधी ऑन केली, दिवसअखेरची दुरुस्ती कोण चालवतं, आणि व्यवहाराच्या तारखेची हद्द कुठलं वर्ष. हे लिहिलेलं नसतं म्हणूनच अडचण येते, १९९९ ला घाईत २० किंवा ३० हद्द धरून ठेवलेले प्रोग्रॅम मी नंतर उघडलेत, ज्यांनी ठेवली ते रिटायर झाले आणि मागे कोणाला माहीतच नाही की असं काही आत आहे. त्याच्यानंतर फक्त मोजा, बदलू काही नका, प्रत्येक तारखेच्या कॉलममध्ये १९५० च्या मागच्या किती नोंदी आहेत. व्यवहार, मुदत आणि जन्म असे तीन आकडे वेगवेगळे काढून मला कळवा, संस्था कुठल्या साली रजिस्टर झाली ते पण, आणि पीआरजी फाईली आहेत का नुसती ईएक्सई, म्हणजे तयार चालणारी फाईल आहे तेवढं बघून सांगा. त्यावरून दिवसअखेरची दुरुस्ती कशी लिहायची ते मी ओळीओळीने सांगतो.